पलीकडचं गाव

हर्णैच्या एसटी थांब्यासमोर माझं दुकान:
झेरॉक्स, रिचार्ज, गावी पैसे पाठवणं.
खलाशी येतात ते लिलाव आटोपल्यावर,
बोटांना बांगड्याचा वास,
नोटा प्लास्टिकच्या पिशवीत.

जयलाल रोकाया. जिल्हा बाजुरा, नेपाळ.
वय विचारलं तर त्यानं सोबत्याकडे पाहिलं,
मग दोघांनी मिळून तेवीस ठरवलं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं,
काउंटरवर कोपर टेकून:
दिदी, पलीकडचं गाव कुठलं?
मला कळेना. पाजपंढरी? आंजर्ले?
त्यानं हनुवटीनं
सुवर्णदुर्गाच्याही पुढचं पाणी दाखवलं.
मामानं सांगितलं होतं, मोठा तलाव आहे.
आणि तलावाला दुसरा काठ असतोच.

मस्कत, मी म्हटलं. अंदाजानंच.
माझा भाऊ असतो तिथं.

मुजम्मिल निघाला त्या सकाळी अम्मीनं शिरवाळे केले होते.
ड्राफ्ट्समनचा व्हिसा, एजंट म्हणाला होता,
एसीत बसून रेघा मारायच्या.
पहिला फोटो आला: पांढरी गाडी, बोनेटवर हात.
अम्मीनं तो मोहल्लाभर फिरवला.
गाडीच्या काचेत, नीट पाहिलं तर,
फोटो काढणारा दिसत होता,
हेल्मेट घातलेला, मागे परांची.
त्यानंतरचे फोटो मी मोठे करून बघितले नाहीत.

सर्व्हर डाऊन असला की
जयलाल आजाची गोष्ट सांगायचा, थोडी थोडी.
आजा मिठासाठी बारा दिवस चालायचा,
मेंढ्यांच्या पाठीवर पिशव्या,
जाताना धान्य, येताना मीठ.
घरात मीठ सांडलं तर पोरांना मार बसे.
म्हणून निघताना जयलालला वाटलेलं,
जिथं अख्खं पाणीच मिठाचं
तिथली माणसं किती सुखात असतील.

जाळ्याच्या दोरानं तळवे फाटले
आणि मीठ आत गेलं.
तीन रात्री त्याला मूठ मिटता आली नाही.
तांडेल म्हणाला, होतं असं, हळद लाव.
माझ्या यंत्रावर त्याचा अंगठा उमटेना,
यंत्र म्हणत राहिलं, पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा,
मागे रांग खोळंबली.

आईशी बोलायचा इथूनच, फोन चार्जिंगला लावून.
मला काही कळायचं नाही,
फक्त नुन, नुन, आणि मग हसणं.
एकदा म्हणाला, फोटो काढ.
बोटीपुढे नको.
बर्फाच्या कारखान्याबाहेर कुणाचा तरी नवा टेम्पो उभा होता, त्याच्यापुढे.
बोनेटवर हात ठेवला, तळवा खाली.
मी जरा बाजूला सरकले,
काचेत येऊ नये म्हणून.

रात्री बोटीवरून लांब दिवे दिसतात, सांगायचा,
काल मस्कत दिसलं.
जहाजं असतात ती. मी बोलले नाही.
घरी जाऊन अम्मीला सांगितलं.
अम्मी भाकरी थापत होती, म्हणाली,
विचार त्याला, आपला मुजम्मिल जेवला का.

मे संपताना होड्या वर ओढल्या.
जयलालनं रिकाम्या बाटलीत दर्या भरून घेतला.
खराब होईल का दिदी, चार दिवसांचा प्रवास आहे?
मी म्हटलं, त्याला काय होतंय.

ऑगस्टात तो आला नाही. मामा आला.
बाटलीचं विचारलं.
सगळी डाळीत ओतली म्हणे म्हातारीनं, एकाच रात्री.
कशी झाली?
मामानं तोंड वाकडं केलं.

जयलाल आता मलेशियात.
हातमोज्यांचा कारखाना आहे,
एसीत बसून काम, एजंट म्हणाला.

मी पावती फाडून दिली.
फोटो आला का, विचारलं.