आठ पाऊण सहा

माझ्या धंद्याचा शब्द एकच: उद्या.
ब्लाउज उद्या, फॉल-पिको उद्या.
गिऱ्हाईक उंबऱ्यावर चप्पल काढेपर्यंत
तो ओठांत तयार असतो,
टाचणीसारखा, दातांनी धरलेला.

छप्पन्न वर्षं आचऱ्याच्या खाडीकाठी काढली.
मशीनवरून मान वर केली की पाणी.
त्यात मी घोट्यापर्यंत गेलेय,
गणपती पोचवायला गुडघ्यापर्यंत.
पोहायचं होतं.
नऊ वर्षांची होते तेव्हा होतं,
आणि लग्नानंतर नवऱ्याच्या होडीत
फळी घट्ट धरून बसले, तेव्हाही.
आई म्हणायची, "पाणी काय पळान जाता?"
पुढे मीच मला म्हणत गेले,
तिच्याच आवाजात.

पण पळतंच की गो ते.
दिवसातून दोनदा, डोळ्यांदेखत.
होड्या चिखलात कुशीवर लवंडतात,
बगळे चालत पलीकडे जातात.
इतक्या जवळ राहून, आई,
तू असं कसं बोललीस?

बाबा तिथीची पाऊणपट करून भरती सांगायचे.
अष्टमी: आठ पाऊण सहा.
शाळेतले पाढे गेले, हा राहिला.
अष्टमीचा भांग, पाणी मवाळ,
म्हाताऱ्या म्हशीसारखं येतं आणि उभं राहतं.

मंगळवारी साडेपाचला बॉबिन संपली.
एवढंच झालं.
कुणी गेलं नव्हतं, कुणी टोचून बोललं नव्हतं,
डॉक्टरांनी कसला रिपोर्ट हातात ठेवला नव्हता.
मालंडकरांच्या सुनेचा ब्लाउज,
एक बाही लागलेली, एक मांडीवर.
रीळ शोधलं, सापडलं,
कॅलेंडरवर नजर गेली,
आणि उठले.

लेकीची जुनी सलवार, नाडीला दोन गाठी.
धक्क्यावर पोचल्यावर कळलं
रीळ अजून मुठीतच आहे. मोरपंखी.
ठेवलं दगडावर.

सातवीतला आंतोन फर्नांडिस
सुके नारळ सुंभाने जोडून बसला होता,
धाकट्या भावाला शिकवायला.
मला बघून म्हणाला, "काकी, माझी पँट?"
तीन आठवडे झाले. चेन बसवायचीय नुसती.
"उद्या," म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यातून.
"मगे पोवणां पण उद्याच."
नारळ त्याने मागे ओढले.

"आज रातीक देतंय रे, बाबा."

काखेत नारळ, हनुवटी वर.
पाय सुटेनात.
चिखलाने तळवे धरून ठेवलेले,
ओळखीची बाई दारात हात धरते तसे,
बस गो, चहा तरी घे.
"काकी, पाय सोड."
"सोडलंय."
सोडले नव्हते.

मग सोडले.
आंतोन म्हणतो, चार मोजेपर्यंत.
मला वाटलं, अख्खी दुपार.
खाली काहीच नव्हतं
आणि मी पडत नव्हते.
मग नाकातोंडात खारं पाणी, खोकला, केस सुटलेले.
धक्क्यावर चौघीजणी बघत होत्या,
दोघींचे ब्लाउज माझ्याकडे अडकलेत.
एक हसली. मीही.

सहा वाजून गेले तसे
नारळ हळूच समुद्राकडे ओढू लागले.
पाणी निघालं होतं.

रात्री केसांतले थेंब मशीनच्या पत्र्यावर पडत होते.
पँटची चेन बसवली,
आंतोनच्या आईने दारातूनच नेली.
बाही राहिली.
मोरपंखी रीळ धक्क्यावरच विसरलं,
असेल दवात भिजत.

सकाळी मालंडकरीण येईल.
तिला काय सांगायचं ते ठरलेलंच आहे,
फक्त हसू आवरायला हवं.
उद्या नवमी.
नऊ पाऊण पावणेसात.
अंधारलेलं असेल जरा,
आंतोन बॅटरी आणतो म्हणालाय.