डबलसीट

आमच्याकडे डबलसीट म्हणजे गुन्हा होता.
चौकातला हवालदार काही न बोलता
चाकातली हवा सोडून द्यायचा
आणि दोघं घरापर्यंत सायकल ढकलत,
कुणामुळे सापडलो यावर भांडत.

इथे लँकेस्टरला दर शनिवारी
मी थोरा ब्रेथवेटला मागे बसवून नेतो.
सायकलच तशी आहे, दोन सीटा, दोन हँडलं,
मागचं नुसतं धरायला.
पायडलं एकमेकांना बांधलेली.
मी पाय थांबवला की तिचाही थांबतो
आणि ती विचारते, "काय? कुत्रं?"
बहुतेक वेळा कुत्रंच असतं.

तिच्या नावाचा मराठीत काय अर्थ होतो
ते मी सांगितलं एकदा.
म्हणाली, "फार उशिरा कळलं."

ही वाट पूर्वी रेल्वेची.
रूळ उपटले, खडी गेली, डांबर आलं,
मोटारीला मात्र कधीच परवानगी मिळाली नाही.
डावीकडे लून नदी, झाडांच्या मागेपुढे करत.
आधी एक दगडी पूल लागतो, त्यावरून कालवा जातो,
नदीच्या डोक्यावरून आडवं, न सांडणारं पाणी.
मग मोटरवे. आपण त्याच्या पोटाखालून जातो.
वर सगळं जग कुठेतरी वेळेवर पोचायला निघालेलं
आणि खाली आमची साखळी,
तेल घालायचं राहिलंय हे सांगणारी.

मे महिन्यात इथे रानलसूण माजतो.
कुणीतरी मैलभर फोडणी दिल्यासारखा वास.
थोराला लसूण आवडत नाही.
ती हॉल्टनच्या जुन्या फलाटापर्यंत
तोंड मिटून बसते,
माझ्या दिवसातली तेवढीच शांतता.

पुढे मात्र प्रश्न.
"नदी कुठल्या रंगाची आहे आज?"
तपकिरी, म्हटलं.
"तपकिरी हा काही रंग नाही.
कुठली तपकिरी?"
तीस वर्षं ती लिनोलियमच्या कारखान्यात
रंगाचे नमुने तपासायची.
डोळे गेले, नमुने गेले नाहीत.
चहाची? "कुणाच्या चहाची?"
शेवटी मी म्हटलं, काकवी.
उजेडात धरलेली काकवी.
आणि मग पायडल मारता मारता, धापा टाकत,
ऊस, चरक, कढई, चुलाण,
रस आटत आटत गूळ व्हायच्या आधी
जे असतं ते.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग, "म्हणजे घट्ट व्हायचं
अजून ठरलेलं नाही."
हो, म्हटलं. तोच रंग.

क्रूक ओ लूनला नदी एवढी वळते
की वाट तिला दोनदा ओलांडते.
दोन पूल, मध्ये चिमूटभर जमीन.
दुसऱ्या पुलावर मी म्हटलं, बगळा आहे,
राखाडी, एका पायावर, दगडावर.
नव्हता.
मला वाटलं, एवढ्या लांब आलीय,
एक बगळा तरी मिळू दे.
"नाही," ती म्हणाली.
"असता तर ती बदकं इतकी बडबडली नसती.
जे नाही ते मला पुरे आहे, मिलिंद.
जे आहे तेवढंच सांग."

मी सांगितलं : तीन बदकं.
एक फाटका फुगा, फांदीला.
पाण्यात पूल, थोडा वाकडा.
"बरं," ती म्हणाली, "हे चांगलं आहे."

परतताना तो लांब सरळ तुकडा.
पुढे कुणी नाही. मागे कुणी नाही.
कुत्रंसुद्धा नाही.
मी डोळे मिटले.
एक. दोन.
चाकाखालचा आवाज बदलला, कडेला पाला असावा.
डावीकडे गारवा, म्हणजे नदी जवळ.
तीन. लसूण.
चा

"उघड," मागून आवाज आला.
"आपल्यातल्या एकाला तरी
घरी कसं जायचं ते दिसायला हवं."

कसं कळलं, मी विचारलं.
"पहिल्यांदाच तू
माझ्यासारखं पायडल मारत होतास."