टिटवी

खारकर आळीत, तिसऱ्या मजल्यावर,
पंख्याने कागद उडू नयेत म्हणून
वर वरवंटा ठेवून
मी मोडी वाचतो. पानाला साठ रुपये.
कसर लागलेल्या पानाला सत्तर.

या खेपेचा रुमाल एका गलबताचा.
नाव टिटवी. डोलकाठ्या दोन, तोफा चार,
पैकी एक ‘नुसती दिसावयास’.
तांडेल जोमा पदाजी, राहणार चेंदणी.
वल्हेकरी चोवीस.
कारकून एक, बाबाजी शेणवी,
त्याला बोट लागायची,
हे अक्षरावरूनच कळतं.

पहिल्या पानाला दस्तक डकवलेलं:
फिरंगियाचे तारू दिसेल तेथे धरावे.
मालाचे वाटे चार. एक सरकारात, एक गलबतास,
उरले दोन ज्यांनी हात भिजवले त्यांस.
खाली शिक्का, काजूएवढा.
त्याच्या अलीकडे चाचे,
पलीकडे चाकर.

मग वर्षभर भरती, ओहोटी आणि बेरजा.
नागल्याच्या वळणावर मचवा एक, भात अठरा खंडी.
बेलापूरच्या तोंडाशी होडी, सुके बोंबील;
‘माणसे आपलीच निघाली, सोडिली.
बोंबील ठेविले.’
आणि एका बुधवारी: दारू, पिंपे दोन.

इथे मी अडलो.
उडवायची की प्यायची?
बाबाजी सांगत नाही. मी चहा केला,
भिंग पुसलं, पान उलटलं.
‘आज तोफ डागिली नाही.
खलाशी फार गाइले.’

जोमा हिशेबात कुठे बोलत नाही.
एकदाच, समासात, तिरक्या ओळीत:
तांडेलास पुसिले, एवढियाशा गलबताने काय होते.
म्हणाला, टिटवी समुद्र आटवावयास बसली होती.
आम्ही नुसती खाडी म्हणतो.

भाद्रपदात ऐरोलीच्या तिवरांत
एक पडाव रुतलेला सापडला.
माणसं चिखलातून पळालेली.
राहिलं एक पोर, वय नऊ-दहा,
नाव सांगत नाही.
बाबाजीने ते आधी मालाखाली लिहिलं,
सुतळ्या आणि नारळ यांच्या मध्ये.
मग खोडलं.
इतकं खोडलं की बोरूने कागद फाटला.
मग भत्त्याखाली: तांदूळ अर्धा शेर, रोज.

तह झाला.
झाला तो दूर कुठे, गालिच्यावर.
खाडीत पोचायला त्याला सतरा दिवस लागले,
आणि तेराव्या दिवशी टिटवीने
मिठाचा पडाव धरला होता. सोळा खंडी.

पत्र आलं: माल परत द्यावा,
न दिल्यास तांडेल द्यावा.
मीठ कुठून देणार?
ते चोवीस घरांच्या मडक्यांत गेलेलं,
निम्मं तर मासळीत मुरलेलं.
बाबाजी दोनच शब्द लिहितो:
तांडेल दिला.

ठाण्याच्या किल्ल्यात दिला.
मागल्या पुनवेला ज्या बुरुजावरून
त्याच्यासाठी नौबत झडली होती,
त्याच्याच पोटात.

तो किल्ला म्हणजे आता तुरुंग.
दूध आणायला जाताना रोज दिसते भेटीची रांग:
बाया, पिशवीत केळी,
हातात आधारची झेरॉक्स, घामाने मऊ झालेली.
कुणाचा कागद आलाय,
कुणाचा निघालाय म्हणतात, पोचलेला नाही.
मी तिथे हल्ली जरा भरभर चालतो.

टिटवी फोडली. फळ्या एकशे चाळीस, खिळे पावणा मण,
शीड जुने, ठिगळे सात.
सगळं लिलावात गेलं. दिसावयाची तोफ
कुणी घेतली नाही.

जोमाचं पुढे काय झालं, रुमालात नाही.
पण अर्धा शेर तांदूळ चालूच आहे.
गलबत गेलं, दस्तक सरकारजमा झालं,
तरी रोज, न चुकता, अर्धा शेर,
आता बाबाजीच्या स्वतःच्या नावे मांडलेला.
जमिनीवर बसून लिहिलेलं अक्षर, सरळ.
चार महिन्यांनी त्या ओळीत
तांदळाच्या आधी एक नाव येतं.
पहिलं अक्षर बहुतेक ‘मा’.
पुढे कसर.

या पानाचे मी सत्तर लावले.