तिसरा रकाना

मार्च. डुलुथच्या रस्त्यांवरचं मीठ
अजून गाड्यांच्या पोटाला चिकटलेलं.
आउनेने फळ्यावर रकाने आखले:
नुसती धुलाई, चाळीस डॉलर.
आतून-बाहेरून, एकशे दहा.
तिसरा तीनशेचा,
कुणी घेऊ नये म्हणूनच लिहिलेला;
त्याच्या शेजारी मधला स्वस्त वाटतो.
कुत्र्याच्या केसांचे वीस वेगळे,
ओकारीचे तीस.

ऑर्विल म्हणाला, तिसरा.

मागच्या सीटवर उशी, रजई,
कपाच्या खोबणीत दाढीचा ब्रश,
खिडकीशी टांगलेला एक इस्त्रीचा शर्ट.
"उद्या मुलाखत आहे. वास जाईल ना?"

जाईल, म्हणाली. चार तास लागले.
रजईची घडी तिने
होती तिथेच परत ठेवली.

भाव कमी करावा, असं ओठांवर आलं,
पण त्याने नोटा आधीच मोजून आणल्या होत्या,
सगळ्या एक-एकच्या, रबर लावून.

तिने घेतल्या.
पुन्हा मोजल्या नाहीत.