अठरा ते दोनशे

गोलाणी मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर
जैनुद्दीनभाईंनी काचेवर तीन लेन्सा मांडल्या
आणि टेबलफॅन माझ्याकडे वळवला.
आज जळगावला पंचेचाळीस.
लेन्सवरच्या आकड्यांत हाही कुठेतरी येतोच.

माझ्या पिशवीत दोन आहेत.
एक पंचावन्नला संपते,
दुसरी पंचावन्नलाच सुरू होते.
कागदावर मधे काहीच सुटत नाही.

सावद्याच्या लग्नात सुटलं.
एक लेन्स काखेत, एक हातात,
झाकण दातांत धरून मी उभी,
आणि फालकांची लेक
गाडीत बसता बसता उतरली,
शालूसकट धावली गोठ्याकडे,
म्हशीच्या कपाळाला कपाळ लावलं.
किती वेळ? तीन श्वास असतील.
लेन्स बसल्याचा टक् आवाज आला
तो गाडीच्या दारातच मिसळला.
अल्बमात त्या जागी मी हळदीचे दोन जास्त टाकले.
कुणी विचारलं नाही.

शिवाय धूळ.
केळीच्या ट्रकांमागची, रावेर रोडची,
लेन्स बदलताना आत शिरलेली.
तिचा एक ठिपका
यंदाच्या सहा नवरदेवांच्या फेट्यावर
एकाच जागी तीळ होऊन बसलाय.

निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या,
खापरावर मांडे, तव्यावर भाकर.
एकावरच दोन्ही करशील
तर एक कच्चं, एक करपलेलं.
त्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नाही,
पण हेच जैनुद्दीनभाई वेगळ्या शब्दांत
अर्धा तास सांगत होते.

"ही तीनशेवाली सातपुडा ओढून आणेल,
पण संध्याकाळी मान तुमची.
ही एकशेचाळीस हलकी.
ही मधली घ्या. अठरा ते दोनशे.
गॅलरीत जाऊन बघा."

अठरावर सगळं मार्केट आलं:
तारा, पाट्या, जिने, पार्किंगमधली ऊन खाणारी सीटं.
दोनशेवर रसवंतीचं एकच घुंगरू,
त्याच्या दोरीची गाठही मोजता येईल असं.
मग पडद्यावर मोठं करून कडा पाहिल्या.
कडेला सासरे होते, गाडीजवळ,
चेहरा उन्हात ठेवलेल्या गुळासारखा.

कडेला कोण असतं मला माहीत आहे.
आचारी. डोक्यावर लाईटचं झाड घेतलेला बँडवाल्यांचा पोरगा.
माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आई,
कुंकवाच्या ताटापासून चार हात लांब,
एका फोटोत नुसता खांदा.
त्या फोटोग्राफरकडे लेन्स चांगली होती.

"कडा नरम आहेत, भाई."
"एफ आठला लावा, सुधारतील."
"मांडवात एवढा उजेड कोण देणार?"
ते हसले, फडक्यानं काच पुसली,
जी आधीच स्वच्छ होती.
"मग कडेचा माणूस मधे घ्या, मॅडम.
लेन्सला वळता येत नाही,
तुम्हाला येतं."

दुकानदाराचं बोलणं, विकण्यासाठीचं.
तरी मी पर्स उघडली.
पंचावन्न-अडीचशे त्यांनी ठेवून घेतली, तीन हजार धरले.
फिल्टर फुकट. फडक्यासाठी थोडी घासाघीस.

खाली आले तर सासरे रसाचा दुसरा ग्लास धरून,
माझ्यासाठीचा, बर्फ विरघळलेला.
मी कॅमेरा वर केला
तसे ते सवयीनं दोन पावलं सरकले,
फ्रेममधून बाहेर,
रसवंतीला जागा करून देत.

"थांबा ना, दादा."
"मी कशाला व त्यात?"
मी रिंग फिरवली. अठरा, चोवीस, पस्तीस.
जिन्याची शेवटची पायरी सोडून
थोडी उजवीकडे झाले.
त्यांनी टोपी काढली,
मग ती ठेवायला जागाच नाही म्हणून
पुन्हा घातली,
ग्लास या हातातून त्या हातात घेतला,
आणि रस सांडू नये म्हणून
सगळं लक्ष ग्लासाकडे.

टक्.