ठोकून बघणं

बसमधून उतरताना गाइड म्हणाली, चाळीस मिनिटं.
पूल, फोटो, स्वच्छतागृह, मग जेवण.
तिचं नाव लामयाय. हातात पिवळी छत्री, कायम उघडी,
आम्ही हरवू नये म्हणून.

एकतीस वर्षं मी पुलांखाली उभा राहून
हातोडीने रिव्हेट ठोकत आलो.
घट्ट असेल तर खणखणीत,
सैल असेल तर बद्द.
एवढंच शास्त्र. बाकी वहीत लिहायचं, तारीख घालून.
म्हणून बाकीचे करवंटीतल्या आइस्क्रीमकडे वळले
तेव्हा मी वाकून गर्डर पाहिला.

गोल कमानी जुन्या, जावाहून उखडून आणलेल्या.
मधल्या दोन कोनदार,
बाँब पडल्यानंतरच्या.
काळा रंग ताजा, थरावर थर.
खिशातलं दहा बाथचं नाणं काढून
हळूच वाजवलं.
खणखणीत.
खाली नदीवर तरंगत्या हॉटेलात कुणीतरी
माइकवर बेसूर गात होतं.

"रेल्वेतले ना?"
शेजारी एक म्हातारी. निळी साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट.
"नाण्यावरून ओळखलं."
थोडं इंग्रजी, थोडं हातांनी.
अंजलै. पेराकच्या रबराच्या मळ्यातून आलेली.
नातू फोनवर बोलत पार पलीकडच्या काठाला.

"मग सांगा, लाकडी स्लीपर किती वर्षं टिकतो?"
वीस, म्हटलं. फार तर पंचवीस.
"म्हणजे त्यांनी टाकलेला एकही..."
एकही नाही.
हे मी जरा लवकर बोललो.

बाप लॉरीत चढला तेव्हा ती पोटात होती.
तीन महिन्यांचं काम, असं मुकादम सांगत होता,
रोजचा एक डॉलर, तांदूळ वेगळा.
परत आला नाही, आणि गेला असंही
कुणी येऊन सांगितलं नाही.
आईने कुंकू मरेपर्यंत लावलं.
"बातमीच नाही, तर पुसणार कुणाच्या सांगण्यावरून?"

सकाळी गावातल्या दफनभूमीत आम्हीही गेलो होतो.
कातरलेली हिरवळ, दगडादगडावर नाव, हुद्दा, वय,
कुठे घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ.
अंजलैने रांगच्या रांग वाचली होती,
करुप्पय्या हे नाव तिथं नसणार
हे घरून निघतानाच माहीत असून.
"वयं बघत होते," म्हणाली.
"बावीसची बरीच आहेत."

शिट्टी झाली. सगळे कडेच्या छोट्या सज्जांत सरकले.
लामयायने छत्री मिटली.
गाडी माणसाच्या चालीने आली.
खिडक्यांत शाळेची मुलं, पेंगुळलेला एक भिक्षू,
मांडीवर चिकट भाताची टोपली घेतलेली बाई.
फोटो काढणाऱ्यांकडे तिने पाहिलंही नाही.
तिला घरी जायचं होतं.

अंजलैचा तळहात लोखंडावर.
थरथर बांगड्यांपर्यंत चढली,
मग उतरली.

"ठोका ना परत."
ठोकलं.
"हे त्याने बसवलेलं असेल?"

मला ठाऊक होतं. मळ्यांवरून आणलेली माणसं
बहुतेक वर, जंगलात,
डोंगर फोडायला, भराव टाकायला.
लोखंडाला त्यांचा हात लागला असेल नसेल.
एकतीस वर्षांत वहीत
एक खोटी नोंद नाही माझी.

असेल, म्हटलं. काम पक्कं आहे.

तिने नाणं मागून घेतलं.

बसमध्ये लामयायने डोकी मोजली, पुन्हा मोजली.
आकडा जुळला.
मागच्या काचेतून निळी साडी दिसत होती,
एक खांब, पुढचा खांब, वाकून.
आवाज येत होता की नाही, सांगता येत नाही.
एसी चालू होता.