कानात प्राण

तार्तूला जानेवारीत उजाडायला नऊ वाजतात.
मी साडेसहालाच येते, बूट आपटते,
नदीकाठचा बर्फ पायपुसण्यावर विरघळत राहतो.
आत सत्तावीस अंश. माणसांसाठी नाही, पक्ष्यांसाठी.
झेब्रा फिंच. चिमणीहून लहान,
मूळचे ऑस्ट्रेलियाचे,
पण हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

तीन नंबरच्या पेटीत पिलू आणि त्याचा बाप.
चार नंबरच्या पेटीत पिलू आणि स्पीकर.
स्पीकरमधून त्याच बापाचं तेच गाणं,
जेमतेम सेकंदभराचं,
एक सूर इकडचा तिकडे नाही.
दोन्ही पिलांच्या चोची अजून काळ्या.
राळा घालणं, पाणी बदलणं, खालचा कागद बदलणं
हे माझं काम.
सुया, नळ्या, आलेख पिरेटबाईंचे.

एकदा कॉफी ओतता ओतता त्या म्हणाल्या,
बाप समोर बसून गायला लागला
की पिलाच्या मेंदूत डोपामीन झिरपतं.
हे ऐक, हे ठेवून घे, असं काहीसं सांगत.
स्पीकर गातो तेव्हा तिथे जवळपास कोरडंच.

आणि इस्ट्रोजेन, मी विचारलं.
माझं आता ओसरत चाललंय,
उणे बारात खिडकी उघडी टाकून झोपते मी.
त्या हसल्या.
ते तर पाखराचा मेंदू स्वतःच बनवतो, म्हणाल्या,
नराचासुद्धा, घरच्या घरी लावलेल्या विरजणासारखं.
गाणं ऐकायची जी जागा, तिथेच.
मादी पिलाला अगदी लहानपणी ते दिलं
तर मोठेपणी तीही गाते,
जी एरवी जन्मभर गात नाही.

मला वाटायचं, ते बायकांचं.
शाळेत मुलग्यांना दुसऱ्या वर्गात बसवून
तसंच शिकवलं होतं आम्हाला.

उकू उशिरा झाला मला. आता साडेतीन वर्षांचा.
अकरा शब्द बोलतो.
फ्रिजवर लिहून ठेवलेत, पेन्सिलीनं.
कारेल तिकडे तुर्कूला फरशा बसवतो.
रोज रात्री फोन टेबलावर उभा करायचा,
जामाच्या बरणीला टेकवून.
कारेल बोलतो. उकू फोनच्या मागे जाऊन बघतो,
मग बरणीचं झाकण उघडतो.

पिरेटबाईंना सांगितलं तर त्यांनी कप खाली ठेवला.
उकू पक्षी नाही, लेइली.
मुलं उशिरा बोलतात त्याला शंभर कारणं असतात,
हे माझ्या पेट्यांमधलं घरी नेऊ नकोस.

नेत नाही.
पण राळ्याचे दाणे बाह्यांच्या दुमडीत येतातच,
स्वयंपाकघरात सांडतात.

शुक्रवारी रात्री कारेल आला,
बोट, मग बस, मग बर्फातून पायी.
शनिवारी सकाळी सिंकखाली आडवा.
नळाचा आटा झिजलेला, पाना घसरला,
आणि तो दातांतल्या दातांत म्हणाला, कुरात!
आमच्याकडे सैतानाला म्हणतात तसं.
पुन्हा घसरला. पुन्हा म्हणाला.
उकू शेजारी उकिडवा,
तोंड उघडं, हातात वायसर,
डोळे बापाच्या ओठांवर.
कानात प्राण आणणं म्हणजे काय
ते मी पहिल्यांदा पाठीमागून पाहिलं,
मानेच्या खळग्यात, जिथे केस मऊ असतात.

रविवारी बाप बोटीवर.
टेबलाखालून स्पष्ट आवाज आला,
"कुरात."
तोच घोगरेपणा, शेवटच्या अक्षराला तीच ठेच.
रागवायला हवं होतं.
मी पेन्सिल शोधली.

सोमवारी साडेसहाला चार नंबरचं पिलू गात होतं.
बापाचं नाही. खरखरीत, अडखळतं,
मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारं काहीतरी.
तिथे बोलायची परवानगी नाही.
मी कागद बदलला, पाणी बदललं,
आणि नोंदवहीत न लिहिता
थोडा वेळ तशीच उभी राहिले
त्याच्यासमोर.